डिस्चार्ज बुकात मेडलची नोंद नाही: रेकॉर्ड ऑफिसकडे नेमकं काय मागायचं?

एका निवृत्त हवालदारांनी विचारलं आहे: "१९८६ ची भरती, २००३ ला पेन्शन आलो. कारगिलच्या वेळी द्रासला होतो. जून १९९९ मध्ये आमच्यातल्या आठ जणांना शेजारच्या युनिटला मदतीला दिलं होतं. आज युनिटातल्या बाकीच्यांच्या छातीवर ऑपरेशन विजयचं स्टार आहे, माझ्या डिस्चार्ज बुकात मात्र फक्त ९ वर्षांचं लाँग सर्व्हिस मेडल आणि पन्नासाव्या स्वातंत्र्य दिनाचं मेडल. २० वर्षांचं मेडल नाही, १९९४ साली सियाचीनला होतो त्याचं नाही. हाताला छर्रा लागला होता, त्याचीही कुठे नोंद नाही. रेकॉर्ड ऑफिसला तीन अर्ज केले, 'नोंद उपलब्ध नाही' एवढंच उत्तर आलं. आता कोर्टात जाऊ का?"

हवालदारसाहेब, मी फौजेत क्लार्क होतो. २६ वर्षं पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या नोकरीतल्या प्रत्येक बदलाचा लेखी आदेश, काढण्यात आणि तपासण्यात गेली, त्यातली शेवटची काही रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे जवानांच्या नोकरीचे कागद जिथे राहतात तिथे. पेन्शन आल्यापासून माजी सैनिकांचे असलेच अर्ज लिहून देतो. म्हणून जरा सविस्तर सांगतो. कोर्टाचं शेवटी बोलू, कारण आज गेलात तर कोर्ट तुम्हाला परत याच टेबलावर पाठवेल.

तुम्ही तीनही अर्जांत "मला माझं मेडल द्या" असं लिहिलं असणार. रेकॉर्ड ऑफिसच्या क्लार्कला त्या वाक्याचं काहीच करता येत नाही. तो तुमचा शीट रोल, म्हणजे नोकरीची मूळ नोंदपत्रिका, काढतो, मेडलच्या रकान्यात बघतो, तिथे काही नाही, म्हणून "नोंद उपलब्ध नाही" असं लिहितो. हे उत्तर खोटं नाही. पण तुमचा हक्क आहे की नाही, याबद्दल ते काहीच सांगत नाही. तुम्ही द्रासला नव्हता असं त्यात कुणी म्हटलेलं नाही.

शीट रोलमध्ये कुणी आठवणीने किंवा ऐकून लिहीत नाही. युनिट पार्ट टू ऑर्डर काढतं, ती रेकॉर्ड ऑफिसला जाते, तिच्यावरून शीट रोलमध्ये नोंद चढते. लग्न, मुलाचा जन्म, प्रमोशन, पोस्टिंग, सुट्टी, शिक्षा, मेडल, सगळं याच वाटेने. पेन्शनला निघताना शीट रोलवरून डिस्चार्ज बुक भरलं जातं. म्हणजे तुमच्या हातातलं पुस्तक ही नकलेची नक्कल आहे. पुस्तकात मेडल नसेल तर तीन शक्यता उरतात. ऑर्डर निघाली पण पुस्तकात उतरली नाही. ऑर्डर निघाली, नोंदही झाली, पण मेडल तुमच्यापर्यंत पोचलं नाही. किंवा ऑर्डर निघालीच नाही. पहिल्या दोन्हींत काम सोपं आहे. तिसऱ्या प्रकारात मात्र अगोदर ऑर्डर काढून घ्यावी लागते. ती कशाच्या आधारावर काढायची, हा तुमचा खरा प्रश्न आहे.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत: आठ जणांना शेजारच्या युनिटला दिलं होतं. माझ्या अनुभवात मेडल राहून जाण्याचं सगळ्यात मोठं कारण अटॅचमेंट, म्हणजे अशी दुसऱ्या युनिटकडे तात्पुरती रवानगी, हेच आहे. मोहिमेची मेडलं मोहीम संपली की लगेच हातात पडत नाहीत. सरकार आधी मेडल स्थापन करतं, निकष ठरवतं, मग ते पत्र युनिटपर्यंत येतं. १९७१ च्या लढाईची पूर्वी स्टार आणि पश्चिमी स्टार १९७३ मध्ये स्थापन झाली, १९६५ चं समर सेवा स्टार १९६७ मध्ये. पत्र येतं तोवर युनिटने जागा बदललेली असते, हेड क्लार्क बदललेला असतो. नवा हेड क्लार्क त्या काळातल्या हजर जवानांचा नॉमिनल रोल, म्हणजे नावांची यादी, करायला बसतो. समोर स्वतःच्या युनिटचे कागद असतात. अटॅचमेंटवर गेलेल्याबद्दल मूळ युनिट म्हणतं, तो तेव्हा त्यांच्याकडे होता, ते देतील. जिथे अटॅच होता ते युनिट म्हणतं, तो आमच्या नफरीत नाही, त्याचं युनिट देईल. माणूस दोन्ही रोलमधून गळतो. यात कुणाची दुष्ट बुद्धी नसते, पण नुकसान पूर्ण होतं. मी स्वतः केलेल्या एका रोलमधून तीन जवान असेच सुटले होते. त्यातल्या एकाने सहा वर्षांनी येऊन विचारलं तेव्हा कळलं. तेव्हापासून अटॅचमेंटचं रजिस्टर शेजारी ठेवल्याशिवाय मी कधी रोल केला नाही.

तर पहिलं काम, बाकीच्या सात जणांना शोधा. त्यातल्या एकाला जरी त्या काळाबद्दल ऑपरेशन विजय स्टार मिळालं असेल, तर त्याच्या नोंदीचा पार्ट टू ऑर्डर नंबर आणि तारीख मिळवा. मग तुमचा अर्ज एका ओळीचा होतो: अमुक ऑर्डरने अमुक आर्मी नंबरच्या जवानाला मेडल मंजूर झालं, मी त्याच आदेशाने, त्याच तारखेला, त्याच युनिटला अटॅच होतो, माझ्या बाबतीत ऑर्डर निघाली नाही, ती काढावी. अशा अर्जाला "नोंद उपलब्ध नाही" हे उत्तर चालत नाही. सातांपैकी कुणालाच मिळालं नसेल तर तेही कळायला हवं. मग आठ जणांनी वेगवेगळे पण एकाच मजकुराचे अर्ज करावेत. एकाच्या अर्जाकडे विसर म्हणून बघतात, आठ सारखे अर्ज आले की कुठे चूक झाली याचा शोध सुरू होतो.

दुसरं काम, मागण्या वेगळ्या करा. एका अर्जात पाच मागण्या असल्या की त्यातल्या सगळ्यात कच्च्या मागणीला नकार देऊन फाइल बंद होते. तुमची कच्ची मागणी २० वर्षांच्या मेडलची आहे. लाँग सर्व्हिस मेडल ९, २० आणि ३० वर्षांचं असतं. तुमची नोकरी १९८६ ते २००३, म्हणजे १७ वर्षं. ९ वर्षांचं मिळालं आहे, २० वर्षांचं लागू होत नाही. ते अर्जातून काढून टाका. बरोबरच्या कुणाला मिळालं असेल तर त्याची नोकरी लांबली असणार.

ऑपरेशन विजयची दोन मेडलं आहेत हेही लक्षात घ्या. स्टार प्रत्यक्ष कारवाईच्या भागात असलेल्यांसाठी आहे, ऑपरेशन विजय मेडलचा परीघ त्याहून मोठा आहे. द्रासला असलेल्या माणसाने दोन्हींबद्दल विचारावं. सियाचीन ग्लेशियर मेडलमध्ये जागा आणि दिवस दोन्ही बघितले जातात. प्रत्यक्ष ग्लेशियरवरच्या पोस्टवर होता की खाली बेसला, आणि किती दिवस, यावर ते अवलंबून आहे. उच्च तुंगता मेडल आणि सैन्य सेवा मेडलाची हिमालय, जम्मू-काश्मीर यांसारखी क्लास्प (रिबनवर लावायच्या पट्ट्या) यांचंही तसंच. तुमच्या पत्रात दिवस नाहीत, त्यामुळे हक्क आहे की नाही हे मी इथून सांगू शकत नाही. आधी दिवस मोजा, मग मागा.

आता पुराव्याकडे येतो, कारण बहुतेक अर्ज इथेच मार खातात. माजी सैनिक स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र करून आणतात: "मी शपथेवर सांगतो की मी द्रासला होतो." त्यावर पैसे घालवू नका. स्वतःच्या हजेरीला स्वतःची शपथ पुरावा होत नाही. त्या वेळच्या कंपनी किंवा बॅटरी (तोफखान्यातली कंपनी) कमांडरने त्याच्या नंबर-रँकसह लिहून दिलेलं पत्र मात्र मोलाचं ठरतं. आणि सगळ्यात वजनदार पुरावा तो, जो मेडलचा विचारही मनात नसताना तयार झालेला असतो.

यातला पहिला पगाराचा हिशेब. उंचावर किंवा ग्लेशियरवर असताना तुम्हाला हाय अल्टिट्यूड अलाउन्स, सियाचीन अलाउन्स मिळाला असेल. तो कुणी मेहेरबानीने दिलेला नाही. त्यासाठीही पार्ट टू ऑर्डर निघाली होती आणि पे अकाउंट्स ऑफिसने तारखा बघून तो तुमच्या खात्यावर चढवला होता. रेकॉर्ड ऑफिस मेडलच्या रकान्यात बघून "नाही" म्हणत असेल, पण त्याच सरकारने त्याच दिवसांचा त्याच जागेचा भत्ता दिला असेल, तर तुमची हजेरी सरकारनेच मान्य केलेली आहे. जुन्या पे स्लिपा ट्रंकेत असतील तर आजच काढा. नसतील तर त्या काळातल्या भत्त्याच्या ऑर्डरच्या प्रती मागता येतात. ज्या प्रकरणांत बाकी सगळं हरवलं होतं, त्यातली अर्ध्याहून जास्त मी भत्त्याच्या नोंदीवर उभी केली आहेत.

दुसरा दवाखान्याचा कागद. एक प्रकरण सांगतो. १९७१ च्या लढाईतले एक नाईक, वय ऐंशीच्या जवळ, पश्चिमी स्टारसाठी माझ्याकडे आले. रेकॉर्डमध्ये ते त्या डिसेंबरात मोर्चापासून दूर, रेजिमेंटल सेंटरला होते असं दिसत होतं, आणि ते म्हणत होते मी मोर्चावर होतो. बरोबर बिस्किटांचा पत्र्याचा डबा. आत मनीऑर्डरच्या पावत्या, "केअर ऑफ ५६ एपीओ" (फौजी पोस्ट ऑफिस) लिहिलेली आंतरदेशीय पत्रं, आणि तळाशी घडीवर फाटत आलेली एक चिठ्ठी. पठाणकोटच्या मिलिटरी हॉस्पिटलची, कावीळ, तारीख १९ डिसेंबर १९७१. वरच्या कोपऱ्यात निळ्या शाईत युनिटचं नाव आणि कुठल्या फील्ड अँब्युलन्सकडून (मोर्चाजवळचं फौजी वैद्यकीय युनिट) आले ते. त्यांनी ती मला दाखवलीच नव्हती. काविळीचा लढाईशी काय संबंध, असं त्यांना वाटत होतं. पण सेंटरला असलेला माणूस मोर्चावरच्या फील्ड अँब्युलन्समधून पठाणकोटला येत नाही. त्या चिठ्ठीच्या आधारावर पोस्टिंगची नोंद दुरुस्त झाली आणि मग मेडलची ऑर्डर निघाली. चौदा महिने लागले. तेव्हा काय उपयोगाचं आणि काय बिनकामाचं हे तुम्ही ठरवू नका. मूव्हमेंट ऑर्डर, रेल्वे वॉरंटची प्रत, सुट्टीचं सर्टिफिकेट, कोर्सचा निकाल, एपीओच्या शिक्क्याची पत्रं, जे आहे ते सगळं तारखेच्या क्रमाने लावा.

छर्ऱ्याबद्दल वेगळं लिहितो, कारण ते तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलंत आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. शत्रूच्या कारवाईत जखमी झालेल्यासाठी पराक्रम पदक आहे, ज्याला आपण वूंड मेडल म्हणतो. ते १९७३ मध्ये स्थापन झालं. पण त्यासाठी जखम बॅटल कॅज्युअल्टी, म्हणजे लढाईतली जखम, म्हणून कळवलेली असावी लागते. आरएपीत, म्हणजे युनिटच्या प्रथमोपचाराच्या जागी, पट्टी बांधून माणूस परत गनवर गेला, तर कित्येकदा कुणी कॅज्युअल्टी रिपोर्ट केलाच नाही असं झालं आहे. तुम्हाला आरएपीतून पुढे फील्ड अँब्युलन्स किंवा हॉस्पिटलला नेलं होतं का? नेलं असेल तर तिथली नोंद शोधा. पेन्शनच्या वेळच्या मेडिकल तपासणीत हातावरच्या व्रणाचा उल्लेख आहे का तेही बघा. हात आजही त्रास देत असेल तर पदकापलीकडे वॉर इंज्युरी पेन्शनचा प्रश्न उभा राहतो. तिथे मेडिकल बोर्ड, अपंगत्वाची टक्केवारी असं सगळं येतं. तो अर्ज संपूर्ण वेगळा करा आणि त्यासाठी जाणकार वकिलाचा सल्ला जरूर घ्या. मेडलच्या अर्जात तो मिसळू नका.

कागद हातात नसतील तर माहितीचा अधिकार वापरा. केंद्राच्या कार्यालयासाठी अर्जाची फी १० रुपये, ऑनलाइनही करता येतो, उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, पुढे ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं. पण "माझं मेडल का दिलं नाही" असं विचारू नका. माहितीच्या अधिकारात कागद मिळतो, कारणमीमांसा मिळत नाही. असं लिहा: "०१ मे १९९९ ते ३१ डिसेंबर १९९९ या काळात माझ्या आर्मी नंबरवर निघालेल्या सर्व पार्ट टू ऑर्डरच्या प्रती, माझ्या शीट रोलची संपूर्ण प्रमाणित प्रत, अटॅचमेंटच्या आदेशाची प्रत, आणि त्या काळातल्या भत्त्यांच्या नोंदीची प्रत द्यावी." सियाचीनच्या काळासाठी असाच दुसरा अर्ज. हिंदीत किंवा इंग्रजीत लिहा, कारण रेकॉर्ड ऑफिसात मराठी वाचणारा असेलच असं नाही.

अर्ज योग्य रेकॉर्ड ऑफिसला जातोय ना, हेही बघा. तुम्ही तुमच्या रेजिमेंटचं नाव दिलेलं नाही, म्हणून वाचणाऱ्या इतरांसाठीही सांगतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, आर्मर्ड कोअरचं अहिल्यानगरला, गार्ड्सचं कामठीला. एअर फोर्सवाल्यांचं दिल्लीला, नेव्हीच्या सेलर्सचं मुंबईत मानखुर्दला. मेडल अटॅचमेंटच्या युनिटमध्ये कमावलं असलं, तरी अर्ज आपल्या स्वतःच्या रेकॉर्ड ऑफिसलाच करायचा, त्या युनिटला फक्त प्रत पाठवायची. तिथून पुढे कागद युनिटकडे तपासणीला जातो, ऑर्डर निघते, शीट रोलमध्ये चढते आणि मग मेडलची मागणी वर जाते. नोंद होणं आणि मेडल हातात येणं यात बराच काळ जाऊ शकतो. नोंद झाली की निम्म्याहून जास्त लढाई जिंकली असं समजा, कारण तिच्यानंतर तुमचा हक्क कुणी नाकारू शकत नाही.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अर्ज पुढे पाठवला तर आवक-जावक नंबर मिळतो आणि पाठपुरावा सोपा जातो. नाहीतर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. सहा-आठ आठवडे हालचाल नसेल तर केंद्राच्या तक्रार पोर्टलवर, सीपीग्राम्सवर, अर्जाची तारीख देऊन नोंदवा.

हे सगळं लवकर करा असं मी आवर्जून सांगतो. पेन्शन नसलेल्या जवानांचे सर्व्हिसचे कागद २५ वर्षांनी नष्ट करायची तरतूद आहे, मागे फक्त लाँग रोल, म्हणजे थोडक्यात नोंदींचं रजिस्टर, राहतो. तुम्ही पेन्शनर आहात म्हणून तुमचे कागद आहेत, पण युनिटकडच्या प्रती तितक्या टिकत नाहीत. आणि साक्ष देणारी माणसंही वयाने थकतात.

आता कोर्ट. आपल्यासाठी आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल आहे, महाराष्ट्राचं खंडपीठ मुंबईत. २००७ च्या कायद्याने ते आलं. तिथे जाण्याआधी खात्याकडे दाद मागितलेली असावी लागते. अंतिम आदेश आल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा. निवेदन देऊन सहा महिने काहीच उत्तर नसेल, तर ते सहा महिने संपल्यापासून पुढचे सहा महिने. उशीर माफ होऊ शकतो, पण कारण पटवावं लागतं. तुमचे जुने तीन अर्ज मोघम आहेत, त्यांच्या जोरावर गेलात तर ट्रिब्युनल बहुधा "आधी नीट निवेदन द्या, खात्याने त्यावर निर्णय घ्यावा" असं म्हणेल. पुराव्यासह नवं निवेदन द्या, त्याची तारीख वहीत लिहून ठेवा. नकार कारणांसह आला तर खुशाल जा, तेव्हा तुमची बाजू भक्कम असेल.

तुमच्या पत्रात नाही, पण असल्या चर्चेत नेहमी निघतं म्हणून सांगतो. "साहेबांनी माझं नाव सेना मेडलसाठी पाठवलं होतं" हा रेकॉर्ड दुरुस्तीचा विषय होत नाही. शौर्य पदक भारताच्या राजपत्रात प्रसिद्ध होतं. राजपत्रात नाव असेल आणि तुमच्या रेकॉर्डला नसेल, तर लगेच दुरुस्ती मागा, कारण शौर्यासाठीच्या सेना मेडलला ऑगस्ट २०१७ पासून महिना २,००० रुपये भत्ताही आहे. राजपत्रात नाव नसेल तर शिफारस होती एवढंच, ती मंजूर झाली नाही.

दोन गोष्टी मात्र करू नका. डिस्चार्ज बुकात स्वतः किंवा ओळखीच्या क्लार्ककडून काही लिहून घेऊ नका. एक खाडाखोड दिसली की खऱ्या नोंदींवरही संशय येतो. आणि नोंद होईपर्यंत बाजारातून रिबन-मेडल घेऊन लावू नका. तुमचं मन मला कळतं, २६ जानेवारीला सगळे मेडलं लावून उभे असतात आणि आपली छाती अर्धी रिकामी वाटते. पण उद्या कुणी विचारलं तर तुमच्या खऱ्या हक्कालाच डाग लागेल.

मेडल येईल तेव्हा पावतीवर सही करण्याआधी ते उजेडात धरून कडेवर फिरवून बघा. तिथे आर्मी नंबर, रँक आणि नाव बारीक अक्षरात ठोकलेलं असतं, भिंग घेऊन एकेक अंक आपल्या पुस्तकाशी ताडून बघा. एक आकडा जरी चुकला असेल तर तिथेच लेखी नोंदवून परत करा. नंबर चुकलेलं मेडल पुढे नातवाच्या हाती गेलं, तर ते आजोबांचंच आहे हे त्याला सिद्ध करता येणार नाही.